वरची बाटली

कमलबाईनं उभ्या जन्मात लबाडी केली ती एकदाच, आणि तीही औषधाच्या बाटलीत मावेल एवढी. पण लबाडी मिठासारखी असते. चिमूटभर टाकली तरी सगळ्या कालवणात उतरते. कमलबाईची ती चिमूट थेट बिबीजानच्या डोळ्यात उतरली.

बिबीजान भूमची मन्यारीण. आठवडी बाजारात कडुनिंबाखाली तिची जागा ठरलेली, आणि बाकीचे दिवस डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आसपासची खेडी. नवरा पाशामियाँ जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा आयुब सोलापूरला गिरणीत होता, सणासुदीला तोंड दाखवून जायचा. कमलबाई ही गावातल्याच हिंमतरावांची बायको. दोन विहिरींचं रान, दारात चार म्हशी, घरात दाणापाणी मुबलक आणि जिभेला हाड नाही.

या दोघींचं सूत जमलं ते कमलबाई लग्न होऊन भूमला आली त्या पहिल्याच संक्रांतीला. पोर तेरा-चौदा वर्षांची, हात शेतातल्या कामानं राठ झालेले आणि माहेरच्या आठवणीनं डोळे भरलेले. बिबीजान तिच्याहून पाचसहा वर्षांनीच मोठी. तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याचं हाड हळूच आत दाबलं आणि म्हणाली, "हात सैल सोड. माझ्या हातात दिलास न्हवं? मग आता त्यो तुझा न्हाय." कमलबाईनं हात सोडला. बारा बांगड्या कधी चढल्या ते तिला कळलंसुद्धा नाही. मग बिबीजाननं तेरावी घातली आणि म्हणाली, "ही वरची." मन्यारांची ही रीतच. मोजून भरायच्या आणि एक वरची घालायची. पण सासरी आल्यापासून मोजमापाच्या वर काही मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि कमलबाई ती विसरली नाही.

त्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली होती. बिबीजानच्या दोन्ही डोळ्यांत मोती उतरला होता. बोटांना सगळं ठाऊक होतं म्हणून ती वर्षभर अंदाजानं बांगड्या भरत राहिली, पण एकदा एका पोरीच्या हातात बांगडी फुटली, रक्त आलं, आणि त्या दिवसापासून बिबीजाननं टोपली खुंटीला लावली. बांगडी घरात बसून विकता येत नाही. बिबीजान घरात बसली आणि तिच्या तोंडावरची रया गेली.

महाराष्ट्र राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं. कार्तिकात गावात दवंडी पिटली, की धाराशिवला शाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार आहे, मोतीबिंदू फुकट काढून मिळेल, सोबत एक माणूस आणावं. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, पण भूमकडची माणसं धाराशिवच म्हणायची. आयुबला रजा मिळेना. कमलबाईनं पातळाची घडी पिशवीत टाकली आणि हिंमतरावांना सांगितलं, "म्हशी तुमी बगा. म्या भाबीला घेऊन चालले." हिंमतराव गोठ्याकडं वळले. बोलून उपयोग नसतो हे त्यांना वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं.

शिबिरात शाळेचे बाक बाहेर काढून वर्गात सतरंज्या अंथरल्या होत्या. व्हरांड्यात एक कंपाउंडर स्टोव्हवर पाण्याचं पातेलं ठेवून बसला होता. प्रत्येक रोग्याला नंबराची चिठ्ठी चिकटवलेली एक छोटी बाटली मिळायची. ती भिंतीआड जाऊन लघवीनं भरून आणायची. कंपाउंडर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचा, त्यात बाटलीतले थेंब टाकायचा आणि नळी उकळत्या पाण्यात उभी करायचा. नळी निळीच राहिली तर माणूस आत. हिरवी, पिवळी, नारिंगी नाहीतर विटकरी झाली तर अंगात साखर, आणि माणूस घरी.

त्यांच्या पुढं परंड्याकडचा एक म्हातारा होता. त्याची नळी विटकरी झाली. "बाबा, आधी साखर उतरवा. पुढच्या वर्षी या," कंपाउंडर म्हणाला. म्हातारा काठी टेकत निघून गेला.

बिबीजाननं कमलबाईचा दंड घट्ट धरला. दोन वर्षांपूर्वी तिच्या पायाची जखम सहा महिने भरली नव्हती, तेव्हा भूमच्या डॉक्टरनं अशीच नळी उकळून साखर सांगितली होती. "जबान गोड हाय माझी, तीच उतरली असंल," असं म्हणून बिबीजाननं ते हसण्यावारी नेलं होतं.

"कमळे, चल माघारी," ती पुटपुटली. "माझी काय निळी ऱ्हायची न्हाय."

कमलबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. पुढच्या वर्षी शिबिर भरेल न भरेल, आणि तोवर ही बाई त्या खुंटीवरच्या टोपलीकडं तोंड करून बसणार.

"आण ती बाटली हिकडं," ती म्हणाली आणि भिंतीआड गेली. परत आली तेव्हा बाटली भरलेली होती. बिबीजानला कळायचं ते कळलं. तिनं तोंड उघडलं तशी कमलबाई म्हणाली, "गप बस. ही वरची समज."

नळी निळी राहिली. निळीशार. बिबीजान आत गेली.

शस्त्रक्रिया उजव्या डोळ्याची झाली. आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. रोज सकाळी शिबिरात शिरा यायचा, तुपासाखरेनं ओथंबलेला. कमलबाई घास भरवायची आणि बिबीजान म्हणायची, "अजून घाल गं." कागदावर साखर नाही असं लिहिलेल्या माणसाला शिरा नको कसा म्हणायचा? कमलबाई घास भरवत राहिली, फक्त प्रत्येक घास आधीपेक्षा जरा लहान करत.

आठव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांचं नाव शिवलिंगप्पा. काळेसावळे, कमी बोलणारे, सरकारी दवाखान्यातले. त्यांनी बोटं समोर धरली. "किती?"

"तीन," बिबीजान म्हणाली. "आन मधल्या बोटात अंगठी हाय."

सगळा वर्ग हसला. बिबीजानला रडायची बंदी होती म्हणून तिच्या वाटणीचं कमलबाई रडली. देवीनं आपली लबाडी पोटात घातली, असं तिला वाटलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. जाड भिंगाचा चष्मा, थेंबांची बाटली आणि 'महिन्यानं दाखवायला या' असा निरोप घेऊन दोघी एस.टी.नं भूमला परतल्या.

चौथ्या दिवशी बिबीजाननं टोपली खुंटीवरून काढली. आठ दिवस निजून निजून तिच्या अंगाला मुंग्या आल्या होत्या. वर्षभर पडून असलेला माल तिनं दारात ओतला. फुटक्या वेगळ्या, धडक्या वेगळ्या, असं निवडत बसली. काचेची कचकच तिच्या कानाला गोड लागत होती. मधूनच हात डोळ्याकडं जायचा. डॉक्टरांनी धुळीत बसू नका म्हणून सांगितलं होतं, पण बांगड्यांची टोपली म्हणजे धूळ असं मन्यारणीला कोण पटवणार?

पुढं आठवडाभरात डोळा लाल दिसायला लागला. सकाळी पापण्या चिकटायच्या. बुबुळावरची चमक गेली होती, उन्हात ठेवलेल्या काकडीच्या फोडीसारखं ते सुकलेलं दिसत होतं. कमलबाई रोज विचारायची, "भाबी, सलतंय का?"

"तीळभर न्हाय."

"आग? ठणका?"

"काय बी न्हाय गं. बेस हाय."

दुखत नाही म्हणजे चांगलंच आहे, असा दोघींनी हिशेब केला. कुणीही तोच केला असता. डोळ्यात कुसळ गेलं तर माणूस नाचायला लागतं, हे शेतातल्या बाईला शिकवायला नको. डोळा गप्प होता, म्हणजे तो सुखी होता.

मार्गशीर्षात गावातल्या सारजाबाईच्या लेकीचं लग्न निघालं. चुडा भरायला बिबीजानच पाहिजे असा सारजाबाईचा हट्ट. अंगणात बायका जमल्या, नवरी पाटावर बसली, बिबीजाननं हात हातात घेतला आणि भराभर हिरव्या बांगड्या चढवल्या. तिची बोटं पूर्वीसारखीच चालत होती. कमलबाई कौतुकानं बघत होती. एकाएकी सारजाबाईचा आवाज आला, "भाबी, ही कंची घातली?"

हिरव्या चुड्यात एक निळी बांगडी होती.

नवरीच्या हातात निळी. अंगणातल्या बायकांची कुजबूज बंद झाली. बिबीजानची बोटं त्या बांगडीवर थांबली, पण तिची नजर काही सांगेना. कमलबाई पुढं झाली. "चष्म्याची काच मळली असंल. आण हिकडं भाबी, पुसून देते." बिबीजाननं निळी उतरवली, कमलबाईनं हातात दिलेली हिरवी चढवली, वर एक वरची घातली आणि बायका पुन्हा बोलायला लागल्या.

बाहेर वाटेवर आल्यावर बिबीजान म्हणाली, "कमळे, मला निळं आन हिरवं येकच दिसतंय. चार दिस झालं. समदं धुकं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू रडली असतीस."

कमलबाई वाटेतच थांबली. तिला तो शिरा आठवला, ती भिंत आठवली. आपण दिलेली ती बाटली. कंपाउंडरनं साखर आहे म्हणून परत पाठवलं होतं त्या म्हाताऱ्याला, ते काही उगीच नाही. आपण शहाणपण केलं आणि हिचा डोळा घालवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं दोघी धाराशिवला निघाल्या. गाडी रिकामीच होती. अर्धा रस्ता गेल्यावर बिबीजान म्हणाली, "डाक्टरला बाटलीचं सांगू नकोस."

"आगं पर..."

"डावा डोळा ऱ्हायलाय अजून. खोटं केलं म्हणून माझं नाव काडलं तर? आण घे."

"कसली आण?"

"तुझ्या तुळजाभवानीची घे. माझ्या अल्लाची तुला लागायची न्हाय."

कमलबाईनं आण घेतली. घेताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की गाडीच्या खडखडाटात देवीलासुद्धा तो ऐकू गेला नसेल, अशी तिला आशा होती.

सरकारी दवाखान्यात शिवलिंगप्पा डॉक्टरांनी बिबीजानला खिडकीपाशी बसवलं आणि भिंग लावून बराच वेळ डोळा पाहिला. मग त्यांनी कापसाची बारीक वात ओढून काढली आणि तिच्या टोकानं बुबुळाला हळूच स्पर्श केला. बिबीजान ढिम्म. पापणी हललीसुद्धा नाही.

"काय लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठं काय?" बिबीजान म्हणाली. धीराची बाई म्हणून डॉक्टर आता शाबासकी देतील असं तिला वाटलं असावं.

डॉक्टर शाबासकीच्या विचारात नव्हते. ते वळले आणि काही न सांगता दुसरी वात कमलबाईच्या डोळ्याला लावली. कमलबाई "अगं बया!" म्हणून मागं उडाली आणि कपाटावर आदळली.

"असं व्हायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बिबीजानची वरची पापणी काडीवर उलटी केली आणि आतून कापसानं काहीतरी टिपलं. कापूस कमलबाईसमोर धरला. त्यावर हिरवा कण चमकत होता. मोहरीच्या दाण्याचा चौथा हिस्साही नसेल. बांगडीची काच.

"किती दिवस आहे हा इथं?"

"कोन?" बिबीजान म्हणाली.

"दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात हा गेला असता तर त्यानं पहिल्या दिवशीच दवाखाना डोक्यावर घेतला असता. तुमच्या पापणीखाली हा डोळा खरवडत बसला आणि तुम्हाला पत्ता नाही." त्यांनी शिबिराचा कागद काढून वाचला. "साखर नाही, असं लिहिलंय. मग हा डोळा बधिर कशानं झाला? पाणी का आटलं? म्हातारपणानं एवढं होत नाही."

ते कागदाकडं बघत राहिले. कमलबाई दाराकडं बघत होती. बिबीजाननं न दिसणाऱ्या डोळ्यांनी नेमकं तिच्याकडं तोंड वळवलं आणि मान हलवली. नको.

आई भवानी, कमलबाई मनात म्हणाली, तुला आण मोडल्याचा राग येईल तर माझ्यावर काढ. तुला काय, चारी दिशांना डोळे आहेत. हिला एकच आहे.

"डाक्टरसाब," ती म्हणाली, "ती बाटली माझी व्हती."

"कुठली बाटली?"

"शिबिरातली. भाबीला साखर हाय. मला ठावं व्हतं. बाटली म्या भरली."

डॉक्टर उठून उभे राहिले. एवढा कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "अक्कल गहाण ठेवली होती का? साखरेचा माणूस आम्ही खेळ म्हणून परत पाठवतो? टाक्यात पू झाला असता तर? आणि आठ दिवस मी हिला शिरा खाऊ घातला!" कमलबाई मान खाली घालून ऐकत राहिली. शिव्या बसत होत्या तसतसं तिला हलकं वाटत होतं. पोटात दडवलेलं आता निदान उघड्यावर आलं होतं.

डॉक्टरांनी तिथंच नळी उकळायला लावली. निळं औषध बघता बघता हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी जुन्या कौलासारखं विटकरी होऊन बसलं.

"गेला का डोळा?" कमलबाईनं विचारलं. विचारताना तिनं बिबीजानचा हात धरला होता.

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांनी पिवळा थेंब घालून पुन्हा एकदा डोळा पाहिला. सावकाश पाहिला.

"नाही," ते म्हणाले.

एवढंच. पण त्या शब्दानं कमलबाई खाली फरशीवरच बसली.

"आतली जखम भरली आहे. मोती नीट निघालाय. बिघाड आहे तो फक्त वरच्या पापुद्र्याचा. साखरेनं डोळ्याचं पाणी आटवलं, त्याची जाणीव मारली, आणि सोललेलं भरून यायची ताकद काढून घेतली. काच निघाली ते बरं झालं. पण साखर कळली नसती तर मी नुसते थेंब देत बसलो असतो. महिन्याभरात बुबुळावर पांढरं फूल पडलं असतं, मग मात्र मी काही करू शकलो नसतो." त्यांनी कमलबाईकडं पाहिलं. राग उतरायला लागला होता. "सांगितलंत ते बरं केलंत. आता डोळा राहील. पण साखर उतरवावी लागेल, आणि ती काही बाटली बदलून उतरत नाही."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या.

"आण मोडलीस," बिबीजान म्हणाली.

"मोडली."

"बेस केलंस." आणि तिनं पदरानं नाक पुसलं.

अकरा दिवस दवाखान्यात काढले. डोळ्यात मलम घालून वरून पट्टी, म्हणजे पापणी मिटलेली राहून पापुद्रा धरेल. दिवसातून दोनदा इन्शुलिनची सुई. ज्वारीची भाकरी, मेथी, ताक. शिऱ्याचं नावसुद्धा काढायचं नाही. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की सोललेली जागा कडेनं भरून येते आहे, आणि कमलबाईनं जाता-येता दिसेल त्याला ते सांगितलं, पाणी भरणाऱ्या माणसालासुद्धा.

प्रश्न होता घरी सुई कोण देणार याचा. भूमला रोज दोनदा डॉक्टरकडं जाणं बिबीजानला झेपणारं नव्हतं. आयुब सोलापूरला. कमलबाई म्हणाली, "बाटली म्या दिली, आता सुई बी म्याच देनार."

नीलम्मा नावाची नर्स होती, तिनं शिकवायचं पत्करलं. कमलबाईच्या हातात काचेची पिचकारी दिली आणि समोर एक वांगं ठेवलं. पहिल्या दिवशी कमलबाईनं सुई आरपार काढली. दुसऱ्या दिवशी वांगं हातातून निसटून पलंगाखाली गेलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिचा हात बसला. निघताना डॉक्टरांनी निळ्या औषधाची बाटली आणि एक नळी दिली आणि गंभीरपणे विचारलं, "नळीत थेंब कुणाचे टाकायचे, माहीत आहे ना?" नीलम्मा तोंडाला पदर लावून वळली.

घरी आल्यावर हिंमतरावांनी पिचकारी, स्पिरिट आणि वांग्यांची पाटी एका ओळीत मांडलेली पाहिली. "आज कंच्या वांग्याला ताप आलाय?" त्यांनी विचारलं. पण इन्शुलिनची बाटली गार राहावी म्हणून पाण्याच्या रांजणाशेजारी ओल्या वाळूचं गाडगं त्यांनीच पुरून दिलं आणि त्यावर रोज पाणी शिंपडायचं कामही न सांगता अंगावर घेतलं.

गावातली पहिली सुई. पिचकारी उकळून घेतली, औषध भरलं, आणि कमलबाईनं सुई दोनदा पुढं नेऊन दोनदा मागं घेतली. वांगं ओरडत नाही. बिबीजाननं दंड पुढं केला होता, पण तो लाकडासारखा ताठ. पट्टीखाली तोंड आवळलेलं. एवढ्या पोरींचे हात दाबून बांगड्या चढवणारी बाई, स्वतःच्या हाताची वेळ आल्यावर भ्याली होती. कमलबाईनं तो दंड हातात घेतला, हळूच चोळला.

"हात सैल सोड, भाबी," ती म्हणाली. "माझ्या हातात दिलास न्हवं? मग आता त्यो तुझा न्हाय."

बिबीजानला हसू फुटलं. हसताना दंड सैल पडला आणि सुई कधी गेली ते तिला कळलं नाही.

रोज सकाळी बिबीजानच्या घरी नळीचा कार्यक्रम. चुलीवर पाण्याचं तपेलं, त्यात नळी, आणि नळीपुढं उकिडवी बसलेली कमलबाई. बिबीजानच्या उजव्या डोळ्यावर अजून पट्टी होती, डाव्यात मोती. रंग कमलबाईनं सांगायचा. "नारिंगी," ती सांगायची. आठवड्यानं, "पिवळी."

"खरं सांगतीस?"

"मग काय खोटं?"

"तू येकदा बाटली बदललीस. रंग बी बदलशील, मला बरं वाटावं म्हनून."

हे कमलबाईला झोंबलं. एकदा फसवणाऱ्या माणसाचं खरंसुद्धा तपासून घेतात, आणि आपण तर बिबीजानसाठीच फसवलं होतं, म्हणजे पुन्हा फसवायला तेच कारण पुरे होतं.

मग एका सकाळी नळी पुन्हा विटकरी झाली. कमलबाईनं रंग सांगितला, तशी बिबीजान म्हणाली, "कसं काय गं?" पण तिचा आवाज जरा जास्तच भोळा होता. कमलबाई उठली, बांगड्यांच्या टोपलीत हात घातला आणि हिरव्या माळांच्या खालून गुळाचा खडा काढला. चांगला लिंबाएवढा, एका बाजूनं दातांनी कुरतडलेला.

"आता कोन फसवतंय?" ती म्हणाली.

गूळ कमलबाईनं घरी नेऊन म्हशीला घातला. त्या दिवसानंतर रंगांच्या खरेपणाविषयी बिबीजाननं पुन्हा विचारलं नाही, पण मनात काटा राहिलाच होता, आणि तो कमलबाईला दिसत होता.

पौषात पट्टी निघाली. डॉक्टरांनी पुन्हा कापसाची वात लावली तेव्हा पापणी किंचित हलली. थोडीशीच, पण हलली. "जागा व्हायला लागलाय," डॉक्टर म्हणाले. बुबुळावर फूल नव्हतं. थेंब दिवसातून सहा वेळा घालत राहायचे, काच निवडायचं काम दुसऱ्यानं करायचं, आणि दुखत नाही म्हणून कधीही खूश व्हायचं नाही, रोज कुणीतरी डोळा बघायचा, असं त्यांनी दोघींना बजावलं. डाव्या डोळ्यासाठी नावही त्यांनी लिहून घेतलं. साखर खाली राहिली तर पुढच्या कार्तिकात. कमलबाईनं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीला हात लावून नमस्कार केला.

संक्रांतीच्या सकाळी कमलबाई आली तेव्हा बिबीजान दारात टोपली उघडून बसली होती. गावातल्या बायका दुपारी बांगड्या भरायला येणार होत्या. कमलबाईनं पदराखालची तिळगुळाची वाटी हळूच आत दूर ठेवून दिली, तपेलं चढवलं, नळी उकळली, आणि बाहेर काढून बघितली.

तिनं नळी फडक्यात धरून बिबीजानच्या हातात दिली.

"तूच सांग," ती म्हणाली.

बिबीजाननं चष्मा नीट बसवला. नळी दाराच्या उजेडाकडं धरली. डोळा बारीक केला, मोठा केला. मग दुसऱ्या हातानं टोपलीतली एक हिरवी बांगडी उचलून नळीशेजारी धरली. ठेवून दिली. मोरपंखी उचलली, तीही ठेवली. नळीचा रंग कमलबाईला ठाऊक होता. भीती होती ती डोळ्याची. बिबीजानच्या बोटांनी माळा बाजूला सारल्या आणि निळी बांगडी काढली, सारजाबाईच्या लेकीच्या चुड्यातून उतरवलेलीच असावी ती. तिनं बांगडी नळीला टेकवली. दोन्ही एकसारख्या दिसत होत्या, बांगडी कुठं संपते आणि नळी कुठं सुरू होते ते कळू नये इतक्या.

मग तिनं कमलबाईचा हात ओढून घेतला, तो सैल पडायची वाट न बघता ती निळी बांगडी त्यात चढवली, आणि नळी उजेडात उंच धरून म्हणाली,

"कमळे, ह्यो निळा माझा हाय. वरचा न्हाय."